वरचं बूच

जीप गुरांच्या डॉक्टरीणबाईंची, डोंगरावरचे गोठे त्यांचे, चिखल त्यांचा. मतं मात्र सासरच्या मामांची आणि भाऊजींची. मागच्या चाकांच्या अ‍ॅक्सलवरच्या गिअरपेटीत, म्हणजे डिफरन्शियलमध्ये, कुठलं ऑइल घालायचं यावर घरात जेवढा खल झाला, तेवढा बाईंच्या लग्नाच्या वेळीही झाला नव्हता. तेव्हा व्हायला हवा होता, असं त्यांना अलीकडे वाटू लागलं होतं.

सिंथेटिकच घ्यायचं यावर दोघांचं एकमत होतं, त्यामुळे त्या मुद्द्यात काही मजा उरली नव्हती. भांडण दाटपणावरून. चढावर गिअरच्या दातांवर जाड थर राहतो म्हणून मामांना पंचाहत्तर-एकशेचाळीस नंबरचं घट्ट ऑइल हवं होतं. भाऊजींना त्याहून पातळ पंचाहत्तर-नव्वद.

"मामा, तुमच्या डोक्यालाही घट्टच तेल लागतं," भाऊजी म्हणाले.

"डोकं आहे म्हणून लागतं."

"कंपनीने नव्वद सांगितलंय," बाई म्हणाल्या.

"कंपनीने आपला डोंगर बघितलाय का?" मामा म्हणाले.

शेवटी नव्वद आलं. मामा रुसून एक वेळ जेवले नाहीत, पुढच्या वेळी दोन्ही वेळचं जेवले.

सकाळी भाऊजी जीपखाली शिरले.

"भाऊजी, आधी वरचं बूच उघडून बघा. तेल तिथूनच भरायचंय."

"वहिनी, तुम्ही गाई बघा, गाडी आम्ही बघतो."

त्यांनी खालचं बूच काढलं. जुनं तेल कुजक्या अंड्यांचा वास सोडत बाईंच्या कपडे भिजवायच्या टबात उतरलं. मग वरच्या बुचाला पाना लागला. बूच ढिम्म. पान्याला पाइप जोडून जोर लावल्यावर बुचाचे कोपरेच झिजून गुळगुळीत झाले.

"एकशेचाळीस आणलं असतं तर," मामा म्हणाले.

"तर बूच उघडलं असतं?"

"नाही. पण मी रुसलो नसतो."

तेवढ्यात डोंगरावरून फोन आला. गाय अडली होती, वासराचा एकच पाय बाहेर आला होता. त्या वाटेवर दुसरी गाडी चढत नाही. बिनतेलाची जीप नेली, तर अर्ध्यावर दातांचा भुगा.

बाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. ओरडण्यात वेळ गेला असता म्हणून त्या ओरडल्या नाहीत, याचा त्यांना पुढे कित्येक दिवस पश्चात्ताप झाला. त्यांनी खालचं बूच स्वतः आवळलं आणि अ‍ॅक्सलच्या वरच्या बारीक नळीचं टोक सोडवलं.

"वहिनी, ती हवेची नळी आहे."

"रोगी तोंड उघडत नसला की नाकातून पाजतात."

गुरांना औषध पाजायच्या पिचकारीने त्यांनी मोजून सगळं ऑइल त्या नळीतून आत सोडलं. शेवटी अ‍ॅक्सलने ढेकर दिली.

"बरं झालं मी नव्वद म्हणालो," भाऊजी हात पुसत म्हणाले. "एकशेचाळीस या नळीतून गेलं नसतं."

"वासरू ओढायला माणसं लागतील," बाई म्हणाल्या. "दोघंही मागे बसा. तोंडाची बुचं लावून."

जीप कुरकुर न करता चढली. मागे बसलेल्यांनाही ते जमलं, हे विशेष.

गोठ्यात बाईंनी आत हात घालून दुमडलेला दुसरा पाय सरळ केला आणि मागे न बघता वंगण मागितलं.

"पातळ की घट्ट?" दोघांनी एकदम विचारलं.

गाईने मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. ती नजर बाईंच्या ओळखीची होती. मग वंगणाची वाट न बघता गाईने जोर केला, आणि वासरू भाऊजींच्या पायांवर येऊन पडलं.