शिकाऊ मावशी

सरकारनं किमान वेतन वाढवलं, तेव्हा आमच्या शर्टांच्या कारखान्यात टाळ्या वाजल्या. दुसऱ्याच दिवशी मालकांनी मला केबिनमध्ये बोलावलं. काजं-बटणांच्या खात्याची सुपरवायझर मीच.

"शिकाऊंना ही वाढ लागू नाही," असं म्हणत त्यांनी नव्या शिकाऊंची यादी माझ्यापुढे सरकवली. सगळ्यात वर माझ्या सख्ख्या मावशीचं नाव. बावीस वर्षं ती इथे काजं करतेय. मला सुई ओवायला तिनंच शिकवलं, तेही डोक्यात टपल्या मारमारून. आता कागदावर ती शिकाऊ आणि मी तिची शिक्षिका.

मावशीनं सहा महिन्यांच्या शिकाऊ करारावर मुकाट्यानं सही केली. मला वाटलं, सुटले. पण सकाळी ती मशीनसमोर हात मांडीवर ठेवून बसली आणि सगळ्या खात्याला ऐकू जाईल असं म्हणाली, "बाई, काज कसं करतात हो? शिकवा ना."

बायका फिदीफिदी हसल्या. माझ्या डोक्यात तिडीक गेली.

"मावशी, नाटकं पुरे."

"मावशी कसली? शिकाऊ म्हणा."

मग मीही शिकवलं. रोज तिच्या मागे उभी राहून तिची चांगली काजं उसवायला लावली. सगळ्यांसमोर टपल्याही मारल्या. आठवड्याभरात ती मान वर करेनाशी झाली.

सहा महिन्यांनी तिच्या कागदावर शेरा मलाच लिहायचा होता. मी लिहिला, 'अजून हात बसलेला नाही. मुदत वाढवावी.'