अकरा सेकंदांची शांतता

चष्मेवाल्यांच्या पुढच्या खोलीत एक खुर्ची होती आणि तिच्यावर दुसऱ्या कुणी बसायचं नाही, असा कायदा होता. दोन स्पीकर आणि ही खुर्ची, तिन्हींमधलं अंतर मोजपट्टीने मोजून सारखं ठेवलेलं. खुर्चीच्या चारी पायांभोवती जमिनीवर खडूने गोल काढलेले. केर काढताना एकदा ती वीतभर सरकली, तर दोन दिवस गृहस्थ कुणाशी धड बोलले नाहीत. बायको म्हणाली, "माझ्या बाळंतपणात एवढी काळजी घेतली नव्हतीत."

चाळीस वर्षं लोकांच्या नाकावर चष्मे बसवले, मग दुकान विकलं आणि पूर्ण वेळ एकाच कामाला लागले. काम म्हणजे मेस्त्रोंच्या रेकॉर्डी जमवणं. मेस्त्रो हे वाद्यवृंदाचे संचालक. शंभर वादकांपुढे छडी घेऊन उभे राहायचे, आणि जाऊन त्यांना पंचेचाळीस वर्षं झाली होती. चष्मेवाल्यांकडे त्यांच्या सहाशे चाळीस रेकॉर्डी होत्या. एकच सिम्फनी नऊ वेगवेगळ्या संध्याकाळची! प्रत्येकीचं वेगळं कार्ड, त्यावर तारीख, हॉल, मिनिटं, आणि श्रोत्यांत कोण कुठे शिंकलं तेसुद्धा.

"तुमच्या मागे तुमचा हा छडीवाला भंगारात जाणार, आत्ताच सांगून ठेवते," असं बायको सांगायची, तेही डाव्या बाजूला उभी राहून. उजवीकडून बोललेलं हल्ली पोचत नसे. चष्मेवाल्यांच्या मते त्यांचे कान ठणठणीत होते, बायकोचाच आवाज बसला होता. मुलाने तर केव्हाच हात झटकले होते. त्याला म्हणे सगळं फोनवर मिळतं. चष्मेवाले वरवर हसायचे, पण आपण डोळे मिटले की चार दिवसांत टेम्पो येईल आणि कार्डांसकट सगळं रद्दीच्या भावाने जाईल, ही भीती त्यांना खरोखर वाटायची.

आणि अशात ते पत्र आलं. मेस्त्रोंच्या मुलीने वडिलांच्या नावाने संग्रहालय काढलं होतं. तुमच्याकडे आहे ती टेप खरी असेल, तर तुमचा सगळा संग्रह आम्ही घेऊ, त्याला वेगळी खोली देऊ आणि दारावर तुमच्या नावाची पाटी लावू, असं तिने लिहिलं होतं. चष्मेवाल्यांनी त्याच दुपारी पाटीवरचं अक्षर किती मोठं असावं, ते कागदावर काढून पाहिलं.

ती टेप म्हणजे मेस्त्रोंच्या शेवटच्या कार्यक्रमाची. रेडिओने आपली प्रत केव्हाच पुसून टाकली होती. ही एक वाचली, कारण चष्मेवाल्यांचा मेव्हणा तेव्हा रेडिओत टेपयंत्रावर होता आणि त्याने ती कचऱ्याच्या पेटीतून उचलून घरी आणली. त्यात संथ भागाच्या मधोमध सगळा वाद्यवृंद एकदम थांबतो. अकरा सेकंद काहीही नाही. मग व्हायोलिनं पुन्हा सुरू होतात आणि ऐकणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी येतं. त्यानंतर तीनच आठवड्यांनी मेस्त्रो गेले. आता यावर एखाद्या भल्या माणसाने मुकाट्याने डोळे पुसले असते. चष्मेवाल्यांनी चाळीस पानांची पुस्तिका लिहिली आणि छापून मेस्त्रोंच्या घरीही पाठवली. मेस्त्रोंना मरणाची चाहूल लागली होती, असा तिचा मथितार्थ. बाविसाव्या पानावर तर कमाल होती. कार्यक्रमभर श्रोत्यांतलं कुणीतरी खोकत असतं, पण त्या अकरा सेकंदांत तो करंटा खोकणाराही स्तब्ध होतो; दोन हजार माणसांत कुणाचा श्वासही ऐकू येत नाही!

दर महिन्याला मंडळ जमायचं. मंडळ म्हणजे निवृत्त दातांचे डॉक्टर, भूगोलाचे सर आणि मधल्या खुर्चीत चष्मेवाले. डॉक्टर त्या शांततेला न चुकता रडायचे. मागच्याच महिन्यात ते म्हणाले होते, "उजवीकडचे ते मोठे ढोल! छातीत बसतात हो!" सरांनीही मान डोलावली होती. मेव्हणा दाराशी उभा राहून कॉफी द्यायचा आणि कप गोळा करायचा. बहिणीच्या शेजारच्याच घरात राहणारा, एकटा, अबोल माणूस. त्याला कुणी काही विचारत नसे.

ठरलेल्या दिवशी सकाळी अकराला मेस्त्रोंची मुलगी आली. पंचावन्नची असेल, साधी, पायांत कापडी बूट. डॉक्टर आणि सर आधीच येऊन ताठ बसले होते. चष्मेवाल्यांनी काळजावर दगड ठेवून तिला मधली खुर्ची देऊ केली.

"नको, मी इथे बसते," म्हणत तिने डाव्या स्पीकरशेजारचं स्टूल ओढलं. "लहानपणी मी स्टेजच्या याच बाजूला बसायचे."

टेप सुरू झाली. पहिला खोकला आला तशी बाई गालात हसल्या. दुसऱ्याला त्यांनी मान खाली घातली. मग संथ भाग आला, वाद्यवृंद थांबला. एक, दोन, तीन. डॉक्टरांनी रुमाल काढला. नऊ, दहा, अकरा. व्हायोलिनं सुरू झाली आणि बाईंनी हात वर केला.

"जरा थांबवा. इथे माझा खोकला कुठे गेला?"

"तुमचा?" चष्मेवाल्यांचा आवाज चिरकला.

"मीच ती करंटी. बाविसाव्या पानावरची," त्या म्हणाल्या. "दहा वर्षांची होते, ताप होता. आईला म्हटलं, मी येणारच. त्या संथ भागात तर जीव जाईस्तोवर खोकले, अजून आठवतंय. घरी आल्यावर बाबा माझ्याशी बोलले नाहीत. तीन आठवडे. मग गेलेच. तुमचं पुस्तक वाचलं आणि वाटलं, मी गप्प व्हावं म्हणून तर थांबले नसतील? तेच ऐकायला आले मी. पण या शांततेत मी नाहीच आहे."

"त्या वेळी तुम्ही रुमाल धरला असेल तोंडावर," चष्मेवाले कसेबसे म्हणाले.

"दोन हजार लोकांनी धरला?"

तेवढ्यात दारातून आवाज आला, "भाऊजी, ते माझं आहे."

मेव्हणा कॉफीचा ट्रे घेऊन उभा होता.

"काय तुझं?"

"ती शांतता." त्याने ट्रे खाली ठेवला. "एक रीळ संपायच्या आत दुसरं यंत्र सुरू करायचं असायचं. ते माझ्याकडे होतं. एकवीस वर्षांचा होतो, ऐकत बसलो आणि बटण दाबायचं राहिलं. मधलं अर्धं मिनिट गेलंच. दुसऱ्या दिवशी नुसतं जोडून पाहिलं तर पायरी चुकल्यासारखं वाटत होतं. म्हणून मध्ये कोरी टेप घातली. तीन सेकंद घातली, बरं वाटेना. सात घातली. अकरा झाली तेव्हा बरं वाटलं."

"कशावरून बरं वाटलं?" बाईंनी विचारलं.

"रडू आलं," मेव्हणा म्हणाला.

"अरे गाढवा!" चष्मेवाले ओरडले. "पंचेचाळीस वर्षं तोंडाला कुलूप घातलं होतंस काय?"

"सांगितलं होतं की. मंडळाच्या पहिल्याच बैठकीत तोंड उघडलं, तर तुम्ही म्हणालात, 'तुला संगीतातलं काय कळतं? कप उचल.' मी उचलले."

डॉक्टरांनी रुमाल घडी करून खिशात घातला. "मला पहिल्यापासून शंका होतीच," ते म्हणाले. सरांना घरी पाहुणे यायचे होते, ते एकदम आठवलं. पाच मिनिटांत मंडळ बरखास्त.

बाई मात्र डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होत्या. हसणं थांबल्यावरही पाणी थांबलं नाही. "माझ्यामुळे नव्हते थांबले तर," त्या दोनदा म्हणाल्या. मग नीट बसून त्यांनी सरळ सांगितलं. बाकीच्या रेकॉर्डी त्यांच्याकडे होत्याच, ही टेप होती म्हणून त्या आल्या होत्या. पण मधलं अर्धं मिनिट नसलेली, कोरा तुकडा घातलेली टेप वडिलांची म्हणून संग्रहालयात ठेवता येणार नव्हती. खोली नाही, पाटी नाही. "मला एक प्रत मात्र द्या, घरी ठेवायला," त्या म्हणाल्या. "खोकला पुसू नका." निघताना त्यांनी मेव्हण्याचा हात दोन्ही हातांत धरला. चष्मेवाल्यांना त्यांनी वाकून नमस्कार केला, त्याने तर ते जास्तच खचले.

दार लागलं. बायको स्वयंपाकघरातून आली, नवऱ्याचा चेहरा पाहिला आणि भंगाराचं नाव न काढता परत आत गेली. त्याचं चष्मेवाल्यांना सगळ्यात वाईट वाटलं. बोलली असती तर भांडता तरी आलं असतं. आयुष्यभर ज्या अकरा सेकंदांवर जीव टाकला, ते या कप उचलणाऱ्याचे! बाविसावं पान आठवून त्यांना स्वतःची लाज वाटली, आणि लाजेहून जास्त मेव्हण्याचा राग आला. आणि तरीही ती शांतता आत्ता पुन्हा ऐकावीशी वाटत होती, याला काय म्हणायचं?

मेव्हणा कप गोळा करत होता.

"ठेव ते," चष्मेवाले म्हणाले. "बस."

"कुठे?"

"खुर्चीत."

मेव्हण्याने मागे वळून पाहिलं, दुसरं कुणी आलंय की काय म्हणून. मग चप्पल काढून, खडूच्या गोलांवर पाय न देता तो खुर्चीच्या कडेला टेकला. चष्मेवाल्यांनी टेप मागे घेतली आणि लावली. ती जागा आली, गेली. मेव्हण्याने डोळे मिटले होते. त्याच्या कपाळावर एक आठी होती.

"का रे? कमी वाटते का आता?"

"तसं नाही." तो चुळबुळला. "भाऊजी, उजवा बंद आहे."

"काय बंद आहे?"

"उजवा स्पीकर. आवाज एकट्या डाव्यातून येतोय."

चष्मेवाले उठले. उजव्या स्पीकरच्या जाळीवर त्यांनी तळहात टेकला. डावीकडे ढोल वाजत होते आणि हाताखालचं कापड जराही हलत नव्हतं.

"कधीपासून?"

"झाली असतील तीन वर्षं."

बोलला का नाहीस, असं विचारायला त्यांनी तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. त्याचं उत्तर त्यांना पाठ होतं. त्यांनी डाव्या बाजूचं स्टूल ओढून खुर्चीजवळ आणलं आणि चांगला कान मेव्हण्याकडे करून बसले.

"बरं," ते म्हणाले. "आणखी काय काय आहे?"

"पुष्कळ आहे," मेव्हणा म्हणाला. "आधी कॉफी टाकू का?"

"तू बस. मी टाकतो," म्हणत चष्मेवाले उठले, कप घेऊन स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेले आणि साखर कुठल्या डब्यात असते ते त्यांनी बायकोला विचारलं.