ताईची लाल पेन्सिल

मी टेबलाच्या खणातून बोलतेय. मी एक बोटभर उरलेली लाल पेन्सिल आहे, आणि माझं टोक तुटलंय.

माझी मालकीण ताई. ती मासिकात नाटक-सिनेमांवर, चित्रांवर, गाण्यांवर लिहायची. तिच्या लेखाला मोठमोठे कलावंत टरकून असत. ताई मात्र टरकायची ती धाकट्या भावाला. तो सातवीत शाळा सोडून गॅरेजला लागलेला.

लेख झाला की ती त्याला समोरच्या स्टुलावर बसवून मोठ्यानं वाचायची. तो ऑइलचे काळे हात फडक्याला पुसत ऐकायचा. मध्येच म्हणायचा, "हे नाही कळलं."

"अरे, सोपं तर आहे."

"मग सोपं लिही की. उगाच भाव खातेस."

ताई हसायची आणि मी त्या ओळीवर आडवी फिरायचे. संपादक म्हणायचे, "तुमचं लिखाण फार साफ असतं." ती म्हणायची, "घरात मेकॅनिक आहे."

मग ताईनं अंथरूण धरलं. शेवटचा लेख तिनं उशीला टेकून वाचला. चार ओळी झाल्या की धाप लागायची. तिला त्रास नको म्हणून भाऊ दरवेळी म्हणत गेला, "कळलं. पुढं." मी तिच्या बोटांत नुसती थांबून होते.

"सगळं कळलं?"

"सगळं."

"लबाड," ती म्हणाली आणि मला त्याच्या हातात दिलं. आठवड्यात ती गेली.

संपादक लेख न्यायला आले. "एका शब्दालाही हात लावणार नाही," म्हणाले.

"उद्या न्या," भाऊ म्हणाला.

त्या दुपारी तो ताईच्या रिकाम्या खुर्चीसमोर, आपल्या स्टुलावर बसला. ओळीखाली बोट धरून, अडखळत मोठ्यानं वाचू लागला. तिसऱ्या कागदावर थांबला.

"हे नाही कळलं, ताई."

मग त्यानं मला त्या ओळीवर टेकवलं. पण ती ओळ खोडायची म्हणजे ताईचं अक्षर कमी करायचं. हात इतका दाबला गेला की माझं टोकच मोडलं. कागदावर उमटला एक लाल ठिपका.

ओळ तशीच छापून आली. तो अजून ती वाचतो.

मासिकात तो लेख वाचून तुम्हाला ती ओळ कळली असेल, तर या आणि त्याला सोप्या शब्दांत सांगा. तो हात पुसत ऐकेल. पण खरंच कळली असेल तरच या. खोटं 'कळलं' या घरात एकदा बोलून झालंय.