मी गिळलेला गजर

मित्रांनो, माझी काच तडकलेली आहे, एक पाय वाकडा आहे, आणि स्वभाव म्हणाल तर पक्का मत्सरी. मी एक जुनं गजराचं घड्याळ. दुकानात होतो तेव्हा माझ्या घंट्या अशा चकाकत, की दुकानदार त्यांत बघून भांग पाडायचा. मग एका नवरदेवानं मला बायकोसाठी घेतलं. पहाटे मी वाजायचो, ती उठायची आणि मगच घर उठायचं. माझा तोरा काय विचारता!

पुढे युद्ध सुरू झालं. नवरा आघाडीवर गेला. घरात ती आणि सासू उरल्या. शाळेच्या इमारतीत सैनिकांचा तळ पडला होता. तिथली झाडलोट, कपडे, बिछाने बघायला बायका हव्या होत्या, म्हणून ती जाऊ लागली. सासूला ते रुचलं नाही, मला तर मुळीच नाही. दिवसभर त्यांच्या शर्टांना बटणं लावून ती दमून यायची आणि मला किल्ली द्यायला विसरायची. मी मागे पडू लागलो. दोनदा तिला उशीर झाला, काम जायची वेळ आली.

तेव्हा तिथल्या मिशीवाल्या हवालदारानं आपलं मनगटी घड्याळ काढून तिला दिलं. "वहिनी, तळ हलेपर्यंत हे वापरा. बायकोनं दिलंय, तेवढं जपा."

ती ते माझ्याच शेजारी फळीवर ठेवू लागली. काय त्याचा नखरा! कातडी पट्टा, अंधारात चमकणारे आकडे. त्याला रोज मऊ फडक्यानं पुसायची आणि माझ्यावर बोटभर धूळ. माझा नुसता तिळपापड व्हायचा. सवत आली होती, सवत!

एके संध्याकाळी ती सासूला म्हणाली, "उद्या पाचला उठायलाच हवं. ह्याला गजर नाही, म्हणून जुन्याला लावते." म्हणजे नडलं की मी! पुढे ती आणखी काही बोलली, पण रागाच्या भरात मी ऐकूनच घेतलं नाही. पाच वाजले आणि मी गजर गिळून टाकला.

"अगं सूनबाई, उठ! साडेसहा झाले. त्यांच्या गाड्या सहाला निघणार होत्या ना?" सासू ओरडली. ती अनवाणीच धावत सुटली, मुठीत ते घड्याळ. परत आली तेव्हाही ते मुठीतच होतं.

"तळ हलला, आत्याबाई. मैदानात चाकांच्या खुणा तेवढ्या आहेत. हवालदारांना वाटेल, घड्याळासाठी मी मुद्दाम लपून बसले."

"तू तशी नाहीस, हे कळतं गं त्यांना."

"कसं कळेल?" म्हणून ती रडू लागली.

मित्रांनो, मी वाजलो असतो तर माझी सवत त्याच सकाळी मालकाकडे गेली असती. युद्ध संपलं, नवरा परतला, पण हवालदाराचा पत्ता लागला नाही. ते घड्याळ आजही माझ्या शेजारी आहे. ती रोज दोघांना किल्ली देते, त्याला आधी.

तुमच्या घरी जुनं घड्याळ असेल तर त्याची धूळ पुसा, वेळेवर किल्ली द्या. आणि कुणी तुमच्या भरवशावर झोपलं असेल, तर रुसायचं ते मागाहून रुसा, आधी वाजा. मी आता रोज पाचला वाजायला तयार असतो. ती मात्र मला गजर लावत नाही.