अंगठ्याला बांधलेला दोर

मित्रांनो, आदिलाबादच्या भाजीबाजारात वांग्यांच्या ढिगाशेजारी कर्र-कर्र असा आवाज आला, तर दचकू नका. तो माझा आहे. मी एक जुना सागवानी पाळणा आहे. घरातला पाळणा बाजारात कसा आला, तेच आज सांगतो.

उटनूरच्या एका सुताराने मला घडवले. माझ्या कठड्यावर त्याने चार मोर कोरले, पण चौथ्याची चोच घाईत राहून गेली. द्वारकाबाईला पहिली मुलगी झाली, तेव्हा तिच्या माहेरच्यांनी मला बसच्या टपावर बांधून आणले. त्या मुलीचे नाव प्रियदर्शनी. बिनचोचीच्या मोराला तिने आपले पहिले दोन दात लावले. ती खूण अजून आहे, या कधी बघायला. पुढे ती चालू लागली आणि मला माळ्यावर टाकले. पंधरा-सोळा वर्षे मी रिकाम्या पोत्यांखाली होतो. माझी कोणाला आठवण आली नाही.

मग तिचा धाकटा भाऊ पंकज जन्मला. मला खाली काढले, धुतले, तेल लावले. किती बरे वाटले म्हणून सांगू!

प्रियदर्शनी तेव्हा इंटरला, म्हणजे अकरावी-बारावीला होती. तिचे बाबा, बाबाराव, वावरात भाजी पिकवत. दुपारी ती कॉलेजातून आली की तिची आई टोपली उचलून बाजारात जाई. मग पंकज तिच्याकडे. ती माझ्या दोराचे टोक पायाच्या अंगठ्याला बांधायची आणि मांडीवर पुस्तक घ्यायची. पाय हलला की मी हले. डोळ्यांना न दिसणाऱ्या जंतूंचा धडा तिला फार आवडे. त्यांची लांबलचक नावे ती अंगाईच्या चालीवर म्हणे आणि पंकज झोपून जाई. मीही थोडा पेंगत असे.

इंटरचा निकाल चांगला लागला. आता पुढच्या कॉलेजांची नावे ऑनलाईन भरायची होती, आवडीच्या क्रमाने. जंतूंचा विषय होता बेल्लमपल्लीकडच्या हॉस्टेलवाल्या कॉलेजात. घराजवळच्या कॉलेजात तो नव्हता.

तिने आधी माझ्या फळीवर पेन्सिलीने क्रम लिहिला. एक, बेल्लमपल्ली. मग पंकज रडला. तिने त्याला थोपटले, बराच वेळ माझ्याकडे पाहत बसली, आणि बोटाने ते पुसले. मित्रांनो, मला तोंड असते तर मी ओरडलो असतो.

भरलेला क्रम बदलायचा शेवटचा दिवस उजाडला. दुपारचे चार वाजेपर्यंतच वेळ होता. तीन वाजता तिची मैत्रीण चंचल धापा टाकत आली.

"काऊन वं, हॉस्टेलचं कॉलेज सहाव्या नंबरवर टाकलं तुनं? येडी झाली का? वरचं पहिलं लागलं की संपलं ना, सहाव्यापर्यंत येतेच कुठं!"

"हळू बोल. पंकज उठंल."

"उठू दे! जंतू जंतू करून माह्यं डोकं खाल्लं दोन वर्सं, अन् आता?"

दारात टोपली खाली ठेवल्याचा आवाज झाला. द्वारकाबाई तागडी विसरली म्हणून परत आली होती.

"म्या इचारलं तवा पहिल्या नंबरवर टाकलं म्हणली होती ना तू?"

प्रियदर्शनीने अंगठ्याच्या दोराने मला एक झोका दिला. "माय, तू बाजारात, बाबा वावरात. मंग पंकजले कोन पाह्यल?"

बाबाराव आत जेवत होते. तिथूनच म्हणाले, "बराबर बोलते पोरगी. जवळचं कॉलेज काही वाईट नाही. तिचं शिक्षण बी होते, पोरगं बी पाह्यलं जाते."

"मले वाचता येत नाही," द्वारकाबाई म्हणाली, "पर एक अन् सहा मोजता येते."

चंचल घड्याळाकडे बघून म्हणाली, "काका, बदल कराचा तर ओटीपी तुमच्याच फोनवर येते."

सगळ्यांनी बाबारावांच्या खिशाकडे पाहिले. त्यांनी खिशावर हात ठेवला. तीन वाजून वीस मिनिटे झाली. मी हलायचा थांबलो होतो.

"घरातलं एक मानूस गेलं तर गाडं कसं चालंल?"

"मानूस हाय ना ते? का पाळन्याचा दोर हाय?" द्वारकाबाईचा आवाज चिरकला. "अवो, म्या नेतो पाळना बाजारात. लटकवतो वांग्याजवळ. लोक हासतीन तं हासू द्या!"

बाबाराव ताटावरून उठले. हात धुतला, धोतराला पुसला. मग फोन काढून मुलीपुढे धरला.

"चार्जिंग कमी हाय. पळा."

ती ताडकन उठली आणि दोर अजून अंगठ्यालाच होता! मला असा हिसका बसला की पंकज किंचाळून जागा झाला. गाठ आवळली. चंचलची नखे पुरेनात. द्वारकाबाईने टोपलीतला पालक कापायचा विळा घेतला आणि दोर कापला. दोघी बसस्टँडजवळच्या नेट सेंटरकडे धावल्या. अंगठ्यात दोराची चुंबळ तशीच होती.

पंकज रडत होता. बाबारावांनी मला हाताने झोका द्यायला घेतला. हापशी मारावी तसा! माझ्या कड्या निघतात की काय असे वाटले. पावणेचार झाले. चार वाजले. साडेचार. फोन मुलींकडेच, विचारणार कसे? बाजाराची वेळ टळली, पण द्वारकाबाई दारातून हलली नाही.

शेवटी प्रियदर्शनी आली. एक तुटकी चप्पल हातात होती.

"झालं का वं?"

"आठ मिनटं उरली होती, माय. एक नंबरवर टाकलं."

बाबाराव झोका देतच म्हणाले, "हॉस्टेलात जेवन बरं देतात का?"

पुढे यादी लागली आणि तिला तेच कॉलेज मिळाले. ती गेली त्या दिवशी घर रिकामे झाले. मीही निघालो, मला बाजारात नेले.

आता मी पत्र्याच्या शेडमध्ये दोन खांबांना टांगलेला आहे. अंगावर पाणी उडते, कोथिंबिरीची माती लागते. वांग्यांचा भाव तेलुगूत विचारता विचारता बायाही मला एक झोका देऊन जातात. पहिले चार दिवस लोक हसले, हे खरे. दुपारी बाबाराव वावरातून येतात आणि माझ्यापाशी बसतात. आता त्यांचा हात हळू झाला आहे.

मित्रांनो, मला तेल लावा असे मी म्हणत नाही. तुमच्या घरातही कोणी ताई एका हाताने पुस्तक धरून दुसऱ्या हाताने धाकट्याला झोका देत असेल. तिला शाबासकी पुष्कळ मिळते. तुम्ही तिच्या हातातला दोर थोडा वेळ धरा.

दसऱ्याला प्रियदर्शनी आली, तशी थेट बाजारात. माझ्याशेजारी पोत्यावर बसली आणि सवयीने तिचा पाय दोराकडे गेला. द्वारकाबाईने तागडी खाली ठेवली आणि दोर आपल्याकडे ओढून घेतला.

"ते राहू दे," ती म्हणाली. "जंतूंचं सांग."