तिप्पाचा टाक

पस्तीस वर्षं मी मंगळवेढ्याच्या शाळेत मास्तर होतो आणि पोरांवर एकाच गोष्टीसाठी ओरडत आलो. लिहिलंय तसं वाच, पदरचं काही घालू नकोस. माझ्या आयुष्यातलं सगळ्यांत महत्त्वाचं वाचन मात्र मी पदरचं घालून केलं. तेव्हा मी सतरा वर्षांचा होतो.

एकाहत्तरच्या लढाईतली गोष्ट. माझा थोरला भाऊ तिप्पण्णा हवाई दलात होता. त्याच्या बॉम्बफेकी विमानात दोघंच बसायचे, एक चालवणारा आणि एक रस्ता सांगणारा. तिप्पा रस्ता सांगायचा. बॉम्ब टाकायची वेळ आली की विमानाच्या नाकात पालथं पडून खालची जमीन बघावी लागते, असं त्यानं सुट्टीत मला सांगितलं होतं. तेवीस वर्षांचा होता.

तार आली तेव्हा आमची आई म्हाळसाबाई माळावर एका अडलेल्या मेंढीला सोडवत होती. कोपरापर्यंत हात भरलेले. वडील आधीच गेलेले, वाचणारा मी एकटा.

"वाच की रं जोत्या, काय लिवलंय?"

तार इंग्रजीत होती. तिप्पा ठार झाला, विमान शत्रूच्या मुलखात पडलं, देह मिळाला नाही, असं स्वच्छ लिहिलं होतं. मी आईच्या हातांकडे बघितलं आणि म्हणालो, "त्यो सापडंना म्हणत्यात."

संध्याकाळी खरं सांगू, मनात म्हटलं. एवढं कोकरू बाहेर येऊ दे. कोकरू आलं, संध्याकाळही आली. आईनं मेंढरं कोंडली, माळाकडे तोंड केलं आणि हाक मारली, "तिप्पाऽऽ, ये रंऽऽ!"

धनगराच्या लेखी हरवलेलं म्हणजे मेलेलं नव्हे. चुकलेलं मेंढरू दिवेलागणीच्या हाकेवर परत येतं, फक्त हाकेत खंड पडू द्यायचा नाही. आईनं पंचवीस वर्षं खंड पडू दिला नाही. गावाला खरं कळलं होतं, पण तिच्या तोंडावर कुणी बोललं नाही. पेन्शन यायचं, त्याला मी तिप्पाचा पगार म्हणायचो. रोज ती हाक सुरू झाली की मी घरात जाऊन पोरांच्या वह्या तपासायला घ्यायचो. भित्रा होतो, दुसरं काय!

शहाण्णव साली आई गेली. तिचा टाक केला, म्हणजे चांदीच्या पत्र्यावर उठवलेली तिची मूर्त, आणि देव्हाऱ्यात बसवला. आता मी जुळे सोलापुरात मुलाच्या फ्लॅटमध्ये राहतो. चौथा मजला, आसपास औषधाला मेंढरू नाही. आईची ती हाक इथंही येते. दिवेलागणीला, जिन्याच्या बाजूनं. आधी कधीमधी यायची, सोलापुरात पुन्हा विमानं उतरायला लागल्यापासून रोज येते. कानाचं मशीन काढून ठेवलं तरी ऐकू येते.

गेल्या महिन्यात, देवापाशी दिवा लावता लावता माझी नात ऋतुजा थांबली. बँकेत नोकरी करणारी, कशाला न भिणारी पोर.

"आबा, तिप्पा कोण?"

"तुला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. आत्ता बाहेर कुणीतरी हाक मारली की."

त्याचं नाव मी घरात कधी कुणाला काढू दिलं नव्हतं. माझ्यापुरतं होतं तोवर मी सोसलं. पण माझं खोटं या पोरीच्या मागे लागू द्यायचं नव्हतं.

तिप्पाचा टाक कधी केलाच नव्हता. आईच्या लेखी तो जिवंत होता, आणि जिवंत माणसाचा टाक कोण करतं? ज्याचा टाक नाही तो मेल्यावरही दाराबाहेर उभा राहतो, असं आमच्या घरात मानतात. मी सोनाराकडे गेलो.

"लढाईत गेलेल्याला मी घोड्यावर काढतोय," गुरुशांत सोनार म्हणाला.

"घोडा नव्हता. विमान होतं. पालथं पडून बॉम्ब टाकायचा."

"पालथा देव कसा पुजायचा वो मास्तर?"

"बसलेला काढा," मी म्हटलं. "खांद्यावर घोंगडं. चोपन्न वर्षं उभा हाय त्यो."

टाक बसवायची आमच्या घरची एक रीत आहे. घरातल्या थोरल्यानं देव्हाऱ्यातल्या पितरांना मोठ्यानं सांगायचं, हा कोण, कसा गेला, कुठं गेला. त्याशिवाय ते त्याला आत घेत नाहीत. म्हणजे मला आईला सांगायचं होतं.

अवसेच्या दिवशी, उन्हं कलल्यावर, सून रुपालीनं नैवेद्य ठेवला. मी ट्रंकेतली तार काढली. घड्यांवर फाटली होती. मी चष्मा चढवला.

"द्या आबा, मी वाचते," ऋतुजा म्हणाली.

"नको. तिनं मला वाचायला सांगितलं होतं."

आईच्या टाकाकडे बघत मी एकेक ओळ मराठीत सांगितली. लिहिलंय तशी. मग म्हणालो, "आई, तार आली तवाच त्यो गेल्याला. मला ठावं हुतं." आणि तिप्पाला तिच्या शेजारी बसवलं.

दिवेलागण झाली. ऋतुजानं दिवा लावला. एक विमान डोक्यावरून गेलं. लिफ्ट वर आली, खाली गेली. आम्ही तिघं कान देऊन बसलो होतो. हाक आली नाही.

"संपलं, आबा," ऋतुजा म्हणाली आणि सुटल्यासारखी हसली.

मला हेच हवं होतं. मी मान हलवून बाल्कनीत गेलो. तार आली त्या दिवशी मी रडलो नव्हतो. रोज संध्याकाळी त्याला कुणीतरी बोलवत होतं, तोवर माझाही भाऊ कुठंतरी होता. आता कुणी बोलवणार नव्हतं. कठडा धरून, सत्तरी उलटलेला मी, धाय मोकलून रडलो.