उद्यात राहणारी म्हैस

"कोनालेच पटनार नाही, सांगून ठेवतो," डोमाजींनी मांडीवर थाप मारली. "पटलं तं म्हैस फुकट घेऊन जाय. नाही पटलं, तं आल्या पावली वापस."

ओसरीत तुरीच्या शेंगा सोलत बसलेल्या त्यांच्या बायकोचे, हंसाबाईंचे, हात थांबले. "तुमच्या जिभेले काही हाड हाये का?"

अंगणात फुलसावंगीचा बाबूसिंग दूधवाला म्हशीचं दावं हातात धरून उभा होता. दारात त्याचा टेम्पो, टेम्पोत घासून लख्ख केलेले कॅन. सौदा डोमाजींच्या मुलानं, अमरनं, फोनवरच ठरवला होता. म्हशीचं नाव चिमणी, पण ही चिमणी एका बैठकीत कडब्याची गंजी अर्धी करायची. हल्ली ती भलत्याच वेळी पान्हा सोडायची. डेअरीची गाडी पहाटे येऊन निघून जायची आणि ही हंबरायची भर दुपारी. देऊन टाका, म्हणाला अमर, आणि सोयाबीन घेऊन ढाणकीला निघून गेला. जाताना त्यानं बापाच्या तोंडाकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर विकणं झालंच नसतं.

मुलाचा शब्द डोमाजींना मोडायचा नव्हता आणि चिमणी तर जाऊच द्यायची नव्हती. गिऱ्हाईकच आपल्या पायांनी परत गेलं तर कोणाचाच शब्द मोडत नाही. आणि केळापूरपासून ढाणकीपर्यंत डोमाजींची गोष्ट ऐकून 'खोटं' न म्हणता उठलेला माणूस अजून जन्माला यायचा होता.

"म्हंजे मी खोटं नाही म्हनलो तं म्हैस माझी?" बाबूसिंगनं विचारलं.

"तुझी."

"बोला मंग, काकाजी." दावं न सोडता तो ओट्यावर टेकला.

"हिनं कुंपनाच्या ताराचा तुकडा गिळला. साकेत डॉक्टरनं बोटाएवढं चुंबक हिच्या गळ्यातून पोटात सोडलं. तार त्याले चिकटून राह्यते, काळजाकडे सरकत नाही."

"पटलं. आमच्याइकडंबी सोडतेत."

एवढं खरंच होतं, म्हणून डोमाजींनी ते गोष्टीत धरलं नाही. "डॉक्टर बोलता बोलता बोलून गेला, का जित्या जिवाच्या अंगात घड्याळ राह्यते. सूर्य त्याले रोज चावी देते. अन् बारकंसं, टाचनी हलन न हलन एवढ्या जोराचं चुंबक जवळ असलं, तं ते घड्याळ जरासं मागंपुढं होऊ शकते. माशीवर पाहून राह्यले म्हने लोकं."

"माशीवर?"

"माशीवर. म्हशीवर पाहाले मीच होतो ना!"

"पटलं," बाबूसिंग म्हणाला.

डोमाजींनी आवाज खाली आणला. ऐकणाऱ्याला पुढे वाकायला लावणारा हा त्यांचा जुना आवाज. चिमणीची पहाट आधी कासराभर उन्हापर्यंत सरकली, मग दुपारपर्यंत. आणि जिथं ती उभी राही, तिथं तिच्यापुरती रात्र पडू लागली. तिच्या पाठीवरचा बगळा मान पंखात खुपसून झोपी जाई. गव्हाणीखाली रातकिडे किरकिर लावत. कुडाजवळची रातराणी भर उन्हात उमले, आणि चिमणीच्या शिंगांवर दव साचे, थेंब थेंब, प्रत्येक थेंबात एकेक चांदणी. चारी बाजूंनी कापसाच्या शेतांवर ऊन रणरणतंय आणि मधे म्हशीएवढी एक काळी, गार रात्र शांतपणे रवंथ करते आहे.

अंगणातलं ऊनही जरा फिकटल्यासारखं झालं. बाबूसिंगनं मोठी जांभई दिली आणि जांभईतच म्हणाला, "पटलं."

"आता गोठाबी देऊन टाका त्याले," हंसाबाई म्हणाल्या. "मलेबी बसवा टेम्पोत!"

डोमाजींनी पहिल्यांदाच बाबूसिंगकडे निरखून पाहिलं. हा माणूस सारंच गिळतो आहे, म्हशीनं तार गिळावी तसा. चिमणीनं ओलं नाक त्यांच्या खांद्याला लावलं. तिच्या श्वासाला सरकीच्या ढेपेचा वास होता.

"मंग एक दिवस मी तिच्या पोटाले कान लावून निजलो," ते म्हणाले. "आत टिकटिक. ऐकता ऐकता माझंबी घड्याळ सरकलं. रोज जरासं, रोज जरासं. अन् एका दुपारी उठलो, तं उद्या होता."

"उद्या?"

"उद्या. मी उद्यात जाऊन आलतो, गड्या."

उद्यात सगळं नुकतं धुऊन वाळत घातल्यासारखं होतं. तुरीवर फुलं होती, पण त्यांचा पिवळा रंग अजून वाटेतच होता. कोंबड्यानं चोच उघडली होती, बांग मागून यायची होती. माणसाची सावली त्याच्या आधी घरी पोचून दार उघडून बसे. आणि या बिनआवाजाच्या गावातून चिमणी एकटी पाण्यावर निघाली होती, ढगाच्या सावलीसारखी, खुरांचा ठसाही न उमटवता.

हंसाबाईंच्या सुपातल्या शेंगा तशाच राहिल्या. बाबूसिंगही क्षणभर कुठं तरी गेला होता. मग तो उठला, त्यानं मुंडासं नीट केलं आणि दाव्याचा पीळ मनगटाभोवती घेतला.

"पटलं, काकाजी. सारं पटलं. चाल माय चिमणी."

चिमणीनं एक पाऊल टाकलं. डोमाजी पटकन उठून उभे राहिले. यापुढे काय सांगायचं? उद्याच्या पुढं तर माणूस जाणार कुठं? त्यांची नजर अंगणभर फिरली आणि टेम्पोतल्या कॅनवर अडकली. प्रत्येक कॅनवर लाल रंगानं रंगवलं होतं: शुद्ध दूध, बाबूसिंग.

"उद्यात अजून एक दिसलं," ते हळूच म्हणाले. "जाऊ दे. कायले सांगू?"

"सांगा ना. तेबी पटन."

"फुलसावंगीचा स्टँड होता. चहाच्या टपरीवर तू कॅन उतरवला. टपरीवाल्यानं दूध भांड्यात ओतलं, त्यात बोट बुडवलं, बोट असं वर धरून पाह्यलं. अन् चार लोकायसमोर म्हनला, 'बाबूसिंगभाऊ, आज पानी जरा जास्तच झालं ना?'"

बाबूसिंगच्या मनगटावरचा पीळ सुटला. दावं मातीत पडलं. त्यानं दोन्ही हात छातीवर आपटले, तसा चिमणीच्या पाठीवरचा बगळा दचकून उडाला.

"चुंबक पटलं!" तो ओरडला. "घड्याळ पटलं! उद्याबी पटला! पन माह्या दुधात पानी? खोटं! साफ खोटं, काकाजी!"